फ्लेट गेलं, आता त्याच्या जागी काय टाकू? ईमॅक्स लिस्पमधली लोकल फंक्शन्स, लेक्सिकल आणि डायनॅमिक

ईमॅक्स या एडिटरची जुनी इनिट फाइल (सुरू होताना वाचली जाणारी आपली सेटिंग्जची फाइल) सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ही वॉर्निंग कधी ना कधी दिसलेली असते. ती बाइट-कंपाइल करायला, म्हणजे तिचा बाइटकोड बनवायला जावं तर ईमॅक्स म्हणतो की फ्लेट हा (कंसापुरतं तात्पुरतं फंक्शन बांधणारा) मॅक्रो २४.३ पासून कालबाह्य झालाय, एकतर सीएल-फ्लेट वापरा नाहीतर सीएल-लेटएफ वापरा. एवढं बोलून तो मोकळा, कुठलं कधी ते सांगायच्या भानगडीत पडत नाही, आणि मग आपण काय करतो तर जे नाव जुन्या नावासारखं दिसतं ते उचलतो आणि फाइंड-रिप्लेस मारतो. मीही तेच केलं होतं.

पुढे जायच्या आधी एक सांगतो, इथे कोडसुद्धा देवनागरीत लिहिलाय, तुम्ही टाइप करताना डीफन, लेट, फनकॉल वगैरे नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने करा आणि आकडे पण इंग्रजीच ठेवा. आपल्या फंक्शनला देवनागरी नाव दिलेलं चालतं, ईमॅक्सला त्याचं काही वावडं नाही, पण देवनागरी २ लिहिलात तर तो त्याला आकडा न समजता सिम्बॉल समजतो आणि असं व्हेरिएबलच नाही म्हणून बोंबलतो. मी हे करून बघितलंय, अर्धा तास गेला होता.

तर माझ्याकडे नेटवरून कधीतरी ढापलेला हा तुकडा होता, असाच तुकडा बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये सापडेल:

    (डीफन गुपचूप-बंद ()
      (इंटरॅक्टिव्ह)
      (फ्लेट ((प्रोसेस-लिस्ट ()))
        (सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्स)))

ईमॅक्स बंद करताना आत एखादा शेल चालू असला की तो विचारतो, प्रोसेस चालू आहेत, मारून बाहेर पडू का? हा प्रश्न नको म्हणून प्रोसेस-लिस्ट या फंक्शनलाच तात्पुरतं खोटं बोलायला लावलं, म्हणजे कोणी विचारलं तर "एकही प्रोसेस नाही" असं सांगायचं. गनिमी कावा आहे, पण वर्षानुवर्षं चालत होता. फ्लेटचं सीएल-फ्लेट केलं, वॉर्निंग गेली, एरर काही नाही, आणि संध्याकाळी ईमॅक्स बंद करायला गेलो तर प्रश्न परत हजर.

का, ते समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं. प्रोसेस-लिस्टचा कॉल माझ्या कोडमध्ये लिहिलेलाच नाहीये. तो सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्सच्या आत, दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलाय. सीएल-फ्लेट बघतं ते कागदावर: माझ्या कंसांच्या आत प्रोसेस-लिस्ट हे नाव अक्षरशः लिहिलेलं आहे का? नाही. मग संपला विषय. जुनं फ्लेट बघायचं ते घड्याळाकडे: माझा कंस उघडल्यापासून बंद होईपर्यंतच्या वेळात कोणीही, कुठूनही प्रोसेस-लिस्टला हाक मारली तरी ओ द्यायला माझं खोटं फंक्शन बसलेलं.

लेक्सिकल म्हणजे घरातलं टोपणनाव समजा, घरात सगळे बंड्या म्हणतात, पण कॉलेजात जाऊन बंड्या कुठंय विचारलं तर कोणाला कळणार नाही. डायनॅमिक म्हणजे काउंटरवरचे साहेब रजेवर गेलेत आणि त्यांच्या खुर्चीत बदली माणूस बसलाय, पाटी तीच, खिडकी तीच, त्या चार दिवसांत जो कोणी येईल त्याचं काम बदली माणसाकडूनच होणार, येणाऱ्याला ते माहीत असो वा नसो.

म्हणून वॉर्निंग दिसली की प्रत्येक फ्लेटसाठी एकच प्रश्न विचारायचा: ज्या कॉलचं वागणं बदलायचंय तो कॉल कोणी लिहिलाय? माझ्याच कंसात मी लिहिला असेल तर सीएल-फ्लेट. दुसऱ्याच्या फंक्शनच्या पोटात असेल तर सीएल-लेटएफ, आणि मग खाली लिहिलेले सगळे धोके मान्य करून.

आधी पायाची गोष्ट

ईमॅक्स लिस्पमध्ये प्रत्येक सिम्बॉलला दोन वेगळे कप्पे असतात, एक व्हॅल्यूचा आणि एक फंक्शनचा. (दुप्पट ५) असं लिहिलं की रनटाइमला दुप्पट या सिम्बॉलचा फंक्शनवाला कप्पा उघडून त्यात जे असेल ते चालवलं जातं. आता खूप लोकांचा असा समज असतो, माझाही होता, की फाइलच्या पहिल्या ओळीत लेक्सिकल-बाइंडिंग टी लावलं की फंक्शन्सपण लेक्सिकल होतात. नाही होत! २०१२ मध्ये २४.१ सोबत आलेली ती सोय फक्त व्हॅल्यूच्या कप्प्याची, म्हणजे व्हेरिएबल्सची आहे. फंक्शनचा कप्पा तेव्हाही ग्लोबल होता, आजही ग्लोबलच आहे. बाइटकोडमध्ये लोकल फंक्शन नावाची चीजच नाही.

मग सीएल-फ्लेट चालतं कसं? चीटिंग करून. स्क्रॅच बफरमध्ये हे टाका:

    (सीएल-फ्लेट ((दुप्पट (क्ष) (* २ क्ष)))
      (मॅपकार #'दुप्पट '(१ २ ३)))

उत्तर (२ ४ ६). आता हाच फॉर्म कोट करून मॅक्रोएक्स्पांड-ऑलला द्या, साधारण असं काहीतरी बाहेर पडेल:

    (लेट* ((--सीएल-दुप्पट-- (लॅम्डा (क्ष) (* २ क्ष))))
      (मॅपकार --सीएल-दुप्पट-- '(१ २ ३)))

बघा, दुप्पट हे फंक्शन उरलंच नाही. मॅक्रोने एक नवं व्हेरिएबल बनवलं, त्यात लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन ठेवलं, आणि तुमच्या बॉडीत जिथे जिथे (दुप्पट काहीतरी) दिसलं तिथे (फनकॉल --सीएल-दुप्पट-- काहीतरी) लिहून टाकलं, आणि जिथे #'दुप्पट दिसलं तिथे ते व्हेरिएबल. हे शोधून बदलण्याचं काम मॅक्रो एक्स्पान्शनची यंत्रणाच करते, दुप्पट हा जणू काही एक लोकल मॅक्रो आहे असं तिला सांगितलेलं असतं.

आता #' मधलं # काढून नुसता ' ठेवून परत चालवा. व्हॉइड-फंक्शन दुप्पट! कारण 'दुप्पट हा नुसता डेटा आहे, नाव लिहिलेली एक चिठ्ठी, मॅक्रो यंत्रणा कोट केलेल्या गोष्टीला हात लावत नाही, मॅपकार ती चिठ्ठी घेऊन ग्लोबल कप्प्याकडे जातो आणि तिथे ठणठणाट. आणि ही एरर आली तर नशीब समजा. त्याच नावाचं ग्लोबल फंक्शन आधीपासून असेल तर तेच गुपचूप चालतं आणि तुम्ही डोकं धरून बसता. म्हणून सवयच लावून घ्या, फंक्शन म्हणून पास करायचं असेल तर नेहमी #' लावायचं.

डिसअसेम्बल करून पाहिलंत तर अजून मजा येते. ग्लोबल फंक्शनचा कॉल आणि सीएल-फ्लेटवाल्या फंक्शनचा कॉल, दोन्हीकडे कॉल करणारी बाइटकोडची सूचना एकच. फरक एवढाच की पहिल्यात स्टॅकवर आधी नाव, म्हणजे सिम्बॉल ढकललं जातं आणि दुसऱ्यात थेट फंक्शन. नाव ढकललं तर रनटाइमला कोणीतरी मध्येच त्या नावामागचा माणूस बदलू शकतो, माणूसच ढकलला तर नाही बदलू शकत. लेक्सिकल आणि डायनॅमिकचा सगळा झगडा या एका ढकलण्यात आहे.

सीएल-फ्लेट वापरताना

दोन गोष्टी नक्की चावतात. पहिली म्हणजे वरच्या जुन्या तुकड्यात (प्रोसेस-लिस्ट ()) असं लिहिलंय ते. जुन्या फ्लेटमध्ये त्याचा अर्थ, आर्ग्युमेंट नाहीत, बॉडी रिकामी, निल (म्हणजे काहीच नाही) परत कर. सीएल-फ्लेटमध्ये मात्र नावापुढे एकच गोष्ट असेल तर ती "फंक्शन देणारी एक्स्प्रेशन" समजली जाते, म्हणजे इथे फंक्शन म्हणून निल बसलं आणि कॉल झालाच असता तर निल नावाचं फंक्शन नाही अशी एरर आली असती. माझ्याकडे कॉलच झाला नाही म्हणून ही चूक झाकली गेली. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं. रिकामी बॉडी हवी असेल तर निल स्पष्ट लिहा. या एक्स्प्रेशनवाल्या रूपाचा फायदाही आहे, एखादं फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून आलं असेल आणि सारखं सारखं फनकॉल लिहायचा कंटाळा आला असेल तर (सीएल-फ्लेट ((करा फन)) ...) म्हणा आणि पुढे सरळ (करा क्ष) लिहा.

दुसरी गोष्ट, सीएल-फ्लेटने बांधलेलं फंक्शन स्वतःच्या बॉडीत स्वतःला दिसत नाही, तिथे त्या नावाचा अर्थ बाहेरचा. कधी हेच हवं असतं, म्हणजे लोकल मेसेज लिहून त्यातूनच खऱ्या मेसेजला आधी वेळ जोडून कॉल करायचा असेल तर झकास. पण रिकर्शन हवं असेल तर सीएल-लेबल्स:

    (सीएल-लेबल्स ((मोज (झाड)
                   (इफ (कन्सपी झाड)
                       (+ (मोज (कार झाड)) (मोज (सीडीआर झाड)))
                     १)))
      (मोज '(अ (ब क) ड)))

उत्तर ६ येतं, ४ नाही, कारण प्रत्येक लिस्टच्या शेपटीचा निलपण मोजला जातो, घाबरू नका. इथे लेबल्सच्या जागी फ्लेट लिहिलं असतं तर आतला मोज बाहेर शोधला गेला असता. आणि सीएल-लेबल्ससाठी फाइलमध्ये लेक्सिकल-बाइंडिंग हवंच, कारण आतले लॅम्डा एकमेकांना क्लोजरमधूनच (म्हणजे आजूबाजूची व्हेरिएबल्स सोबत घेऊन फिरणाऱ्या फंक्शनमधूनच) ओळखतात.

सीएल-लेटएफ, म्हणजे बदली माणूस

टेस्ट लिहिताना याच्याशिवाय गत्यंतर नाही. एखादी कमांड मध्येच येस-ऑर-नो-पी विचारते आणि टेस्टमध्ये उत्तर द्यायला कोणी नसतं, तेव्हा:

    (सीएल-लेटएफ (((सिम्बॉल-फंक्शन 'येस-ऑर-नो-पी)
                  (लॅम्डा (&रेस्ट _) टी)))
      (ती-कमांड))

सुरुवातीचे तीन कंस मोजून घ्या, इथे सगळे अडखळतात: पहिला कंस बाइंडिंग्जच्या यादीचा, दुसरा एका बाइंडिंगचा, तिसरा ज्या जागी लिहायचंय त्या जागेचा, आणि जागा म्हणजे येस-ऑर-नो-पी या सिम्बॉलचा फंक्शन कप्पा. एक्स्पान्शन बघितलंत तर आत कसलीही जादू नाही, जुनं फंक्शन एका व्हेरिएबलमध्ये बाजूला ठेवायचं, नवं एफसेटने कप्प्यात बसवायचं, बॉडी चालवायची, आणि अनवाइंड-प्रोटेक्टमध्ये जुनं परत बसवायचं, मग एरर येवो नाहीतर कोणी कंट्रोल-जी दाबो. जुनं फ्लेट पण आतून हेच करत होतं.

म्हणजे ही खरं तर ग्लोबल एडिट आहे, फक्त नंतर पुसली जाणारी. आता त्या "नंतर"पर्यंत काय काय होऊ शकतं ते बघू.

बॉडीमध्ये सिट-फॉर किंवा अ‍ॅक्सेप्ट-प्रोसेस-आउटपुट असेल, म्हणजे कोड जरा थांबला असेल, तर तेवढ्यात टायमर चालतात, दुसऱ्या प्रोसेसचे फिल्टर चालतात, आणि त्या बिचाऱ्यांनाही बदली माणूसच भेटतो. माझ्या गुपचूप-बंदमध्येही हेच, ईमॅक्स बंद होताना चालणारं एखादं हुक जर प्रोसेस-लिस्ट बघून सगळं नीट आवरून ठेवणार असेल तर त्यालाही मी सांगतोय की बाबा एकही प्रोसेस नाही, घरी जा. हे लक्षात आलं तेव्हा जरा लाजच वाटली.

याहून वाईट म्हणजे डीबगर. डीबग-ऑन-एरर चालू असताना बॉडीत एरर आली तर डीबगर स्टॅक गुंडाळायच्या आधी उघडतो, म्हणजे अनवाइंड-प्रोटेक्ट अजून चाललेलाच नाही आणि खोटं फंक्शन अजून खुर्चीतच आहे. वरच्या उदाहरणात येस-ऑर-नो-पी कायम हो म्हणतंय. तुम्ही डीबगरमधून इकडे तिकडे फिरताय, काहीतरी डिलीट करायला जाता आणि खात्री करणारा प्रश्न येतच नाही, थेट हो. म्हणून अशा टेस्ट चालवताना डीबगर उघडला तर आधी क्यू दाबून बाहेर या, मग बाकीची कामं.

उलट बाजूची फजिती टायमर आणि क्लोजरची. सीएल-लेटएफच्या आत रन-विथ-टायमर लावला, आत लॅम्डा लिहिला, आणि अपेक्षा अशी की पाच सेकंदांनी तो चालेल तेव्हा माझं खोटं फंक्शन वापरेल. नाही वापरणार, तोपर्यंत बॉडी संपून साहेब रजेवरून परत आलेले असतात. हीच गोष्ट सीएल-फ्लेटने केली असती, म्हणजे कॉल त्या लॅम्डातच लिहिलेला असता, तर क्लोजरने फंक्शन सोबत नेलं असतं आणि पाच सेकंद काय पाच तासांनीही चाललं असतं. असिंक्रोनस कोडच्या टेस्ट कधी पास कधी फेल होत असतील तर सगळ्यात आधी इथे शंका घ्या.

आणि जुन्या फंक्शनला आतून कॉल करायचा असेल तर ते आधी पकडून ठेवा:

    (लेट ((मूळ (सिम्बॉल-फंक्शन 'मेसेज)))
      (सीएल-लेटएफ (((सिम्बॉल-फंक्शन 'मेसेज)
                    (लॅम्डा (&रेस्ट सगळं)
                      (अप्लाय मूळ सगळं))))
        ...))

मूळच्या जागी सरळ #'मेसेज लिहिलंत तर ते नाव आता तुमच्याच लॅम्डाकडे बोट दाखवतंय, तो स्वतःलाच बोलावत राहणार आणि एकात एक कॉलची मर्यादा संपली अशी एरर येईपर्यंत थांबणार नाही.

कंपाइल केल्यावर मॉक (टेस्टपुरतं बसवलेलं खोटं फंक्शन) चालेना, हे का होतं

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो कारण इथे खरंच कंपायलर दिसतो. टेस्ट सोर्समधून चालवली तर पास, बाइट-कंपाइल करून चालवली तर फेल, असं झालं की समजायचं तुम्ही एखाद्या ओपकोडवाल्या फंक्शनला हात घातलाय. कार, कन्स, पॉइंट, गोटू-चार, इन्सर्ट, करंट-बफर अशा सारख्या लागणाऱ्या फंक्शन्सना बाइटकोडमध्ये स्वतःची सूचना आहे. कंपायलर तिथे नाव ढकलून कॉल करा असं लिहीतच नाही, सरळ एक बाइट लिहितो, आणि तो बाइट फंक्शनच्या कप्प्याकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही करंट-बफरच्या कप्प्यात काय वाट्टेल ते भरा, कंपाइल झालेला कोड ते बघणारच नाही. डीफसब्स्टने लिहिलेली फंक्शन्स आणि मॅक्रो यांचंही तेच, कॉल करणाऱ्याच्या पोटात ते आधीच विरघळलेत, आता नावामागचा माणूस बदलून काय उपयोग.

इंटरप्रिट केलं की एक आणि कंपाइल केलं की दुसरं, हा लिस्पचा जुनाच रोग आहे. मॅकलिस्प या जुन्या लिस्पच्या काळात व्हेरिएबल्सचं असंच व्हायचं, इंटरप्रिटर सगळं डायनॅमिक धरायचा आणि कंपायलर स्पेशल म्हणून जाहीर न केलेलं सगळं लोकल करून टाकायचा.

२८.१ पासून नेटिव्ह कंपाइलची, म्हणजे थेट मशीन कोड बनवायची सोय आली तेव्हा हा प्रश्न अजून ताणला गेला, कारण नेटिव्ह कोड सीमध्ये लिहिलेल्या प्रिमिटिव्ह फंक्शन्सना थेट पॉइंटरने कॉल करतो. पण सगळी मॉक्स आणि सगळे अ‍ॅडव्हाइस (फंक्शनला बाहेरून जोडलेला कोड) मेले असते तर लोकांनी दंगा केला असता, म्हणून एफसेटमध्येच सोय केली आहे की प्रिमिटिव्हचा कप्पा कोणी बदलतंय असं दिसलं की त्या फंक्शनसाठी एक ट्रॅम्पोलिन, म्हणजे कॉल लिस्पच्या कप्प्याकडे वळवणारा छोटा तुकडा, तयार करायचं आणि तो पॉइंटर त्याच्याकडे वळवायचा. मेसेज किंवा प्रोसेस-लिस्ट पहिल्यांदा मॉक करताना ईमॅक्स क्षणभर अडकल्यासारखा वाटतो आणि नेटिव्ह कोड साठवणाऱ्या ईएलएन कॅशमध्ये एक नवी फाइल दिसते, ती हीच. नेटिव्ह-कॉम्प-इनेबल-सबआर-ट्रॅम्पोलिन्स निल करून ठेवलं असेल तर नेटिव्ह कोड मूळ फंक्शनलाच कॉल करत राहणार, कोणी काही बोलणार नाही. आणि सी कोड आतल्या आत दुसऱ्या सी फंक्शनला बोलावतो तिथे तर लिस्पचा कप्पा मध्ये येतच नाही.

याच्या उलट सीएल-फ्लेटला यातलं काहीच लागू नाही. नावं कंपायलरपर्यंत पोचायच्या आधीच बदलली गेलेली असतात, म्हणून लोकल कार लिहिला तरी कंपाइल्ड आणि इंटरप्रिटेड दोन्हीकडे तुमचाच कार चालतो. चांगली कल्पना आहे असं म्हणत नाहीये, चालतो एवढंच. कारण आत एखादा मॅक्रो वापरला आणि तो कारला कॉल करणारा कोड तयार करत असेल तर तोही तुमच्या कंसात लिहिल्यासारखाच धरला जातो, मॅक्रो लिहिणाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसेल की कार म्हणजे दुसरंच काहीतरी असेल.

स्वतःचा छोटा कंपायलर लिहिताय तर

कंपाइल करणाऱ्या फंक्शनला व्हेरिएबल्सचा तक्ता देताच, तसाच फंक्शन्सचा दुसरा तक्ता बरोबर फिरवा. (क अ ब) दिसलं की आधी या तक्त्यात क शोधायचा, सापडला तर त्याच्या स्लॉटमधलं क्लोजर लोड करा, नाही सापडला तर सिम्बॉल लोड करून ग्लोबल कॉल. #'क साठी हीच शोधाशोध, 'क साठी अजिबात नाही. लोकल मॅक्रो आणि लोकल फंक्शन एकाच तक्त्यात ठेवा हं, दोन तक्ते केलेत तर बाहेर मॅक्रो क आणि आत फंक्शन क असं आलं की कोण कोणाला झाकतंय ते कळणार नाही.

फ्लेट सोपं आहे, फंक्शन्सच्या बॉडी जुन्या तक्त्याने कंपाइल करायच्या आणि मुख्य बॉडी नव्याने. लेबल्सला दोन्ही नव्या तक्त्याने, म्हणजे क्लोजर बनवतानाच त्याला स्वतःचा पत्ता हवा, तर आधी रिकामे डबे बनवा, क्लोजर्सना डबे द्या, मग डबे भरा. लोकल फंक्शन नुसतं कॉलच होतंय, #' लावून कुठे बाहेर जात नाहीये असं दिसलं तर क्लोजरही नको, बाहेरची व्हेरिएबल्स जास्तीची आर्ग्युमेंट म्हणून द्या आणि साधा जंप करा. लेक्सिकलचा खरा फायदा हा की कॉल करणारे सगळेच्या सगळे कंपायलरच्या डोळ्यासमोर असतात, आर्ग्युमेंट किती ते तिथल्या तिथे तपासता येतं, एकदाच वापरलं असेल तर जागच्या जागी विरघळवता येतं. एसबीसीएल हा कॉमन लिस्पचा कंपायलर हेच करतो म्हणून तिथे फ्लेट जवळपास फुकट पडतं.

डायनॅमिक द्यायचं असेल तर जुनं जपा, नवं बसवा, बॉडी, परत बसवा, बास. पण दोन किंमती मोजाव्या लागतात. बॉडीतला शेवटचा कॉल आता टेल कॉल (ज्याच्यानंतर काहीच काम उरत नाही असा कॉल) राहत नाही, कारण त्याच्यानंतर परत बसवायचं काम उरलंय. आणि ग्लोबल फंक्शन्स इनलाइन करत असाल तर नॉटइनलाइनसारखं, म्हणजे "हे फंक्शन विरघळवू नकोस" असं कंपायलरला सांगणारं काहीतरी द्यावं लागेल, नाहीतर लोक बदली माणूस बसवतील आणि त्याच्याकडे कोणी फिरकणारच नाही.

कॉमन लिस्पने हा प्रश्न उडवूनच लावला, तिथे फ्लेट आणि लेबल्स लेक्सिकलच आहेत आणि फंक्शनसाठी डायनॅमिक बाइंडिंगचा फॉर्मच नाही. स्टँडर्डमधल्या कारसारख्या नावांना लोकल फंक्शन म्हणून बांधणंही मना, एसबीसीएलचं पॅकेज लॉक तुम्हाला दारातच अडवतं. डायनॅमिक वागणूक हवी असेल तर स्पेशल व्हेरिएबलमध्ये फंक्शन ठेवा आणि फनकॉल करा असं त्यांचं म्हणणं.

आणि खरं सांगू, ईमॅक्समध्येही कोड आपलाच असेल तर हाच रस्ता बरा. ईमॅक्सचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ मध्ये ईमॅक्सवर लिहिताना डायनॅमिक स्कोपची बाजू घेतली ती एडिटर बाहेरून वाकवता यावा म्हणूनच, आणि ते बरोबरच आहे, फक्त वाकायची जागा कुठे आहे ते लिहिणाऱ्याने आधीच सांगितलेलं बरं. ईमॅक्सभर -फंक्शन अशी शेपटी असलेली व्हेरिएबल्स दिसतात ना, कम्प्लीटिंग-रीड-फंक्शन, ब्राउझ-यूआरएल-ब्राउझर-फंक्शन, इंडेंट-लाइन-फंक्शन, ती यासाठीच. डीफव्हार करायचं, कोडमध्ये त्यालाच फनकॉल करायचं, आणि टेस्टमध्ये साध्या लेटने तात्पुरतं बदलायचं. ओपकोड, ट्रॅम्पोलिन, कशाचाच संबंध नाही. शिवाय ईमॅक्सचे थ्रेड बदलताना लेटची बाइंडिंग्ज त्या त्या थ्रेडबरोबर जातात, सीएल-लेटएफने केलेलं एफसेट मात्र सगळ्यांनाच दिसत राहतं.

माझ्या फाइलमधल्या बहुतेक फ्लेटना शेवटी सीएल-फ्लेटच लागलं, कारण ते नुसते छोटे मदतनीस होते आणि कॉल शेजारच्याच ओळीत होता. टेस्टमधल्या सगळ्यांना सीएल-लेटएफ. दोन ठिकाणी लेबल्स लागलं, तिथे जुनं फ्लेट डायनॅमिक असल्यामुळे रिकर्शन आपोआप चालायचं आणि मला ते कधी लक्षातच आलं नव्हतं. गुपचूप-बंदचंही आधी सीएल-लेटएफ केलं, चाललं, मग सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्सचा सोर्स उघडून बघितला तर प्रोसेस-लिस्टच्या कॉलच्या अगदी वर कन्फर्म-किल-प्रोसेसेस नावाचं व्हेरिएबल तपासलं जातंय, २६.१ पासून आहे ते. ते निल केलं आणि अख्खं फंक्शन उडवून टाकलं.